मुक्या मशीनची चौकशी

नाशिकला माणसं जातात ती गंगेत डुबकी मारायला, नाहीतर द्राक्षं खायला. मी गेलो तो एक न वाजलेला आवाज शोधायला. डुबकी राहिली. द्राक्षं खाल्ली, पण त्यांचं वर्णन इतरांनी भरपूर केलं आहे.

आधी माझी ओळख करून देतो, म्हणजे वाचकाच्या अपेक्षा ताब्यात राहतील. पुण्यात एका शेडमध्ये आमची कंपनी आहे. ती हृदयाचे ठोके दाखवणारी मशीनं बनवते. रुग्णाच्या छातीला तीन वायरी चिकटवायच्या, की पडद्यावर हिरवी रेघ धावू लागते आणि दर ठोक्याला मशीन ‘टिक’ करतं. ठोके फार मंदावले किंवा फार धावू लागले, की मोठा अलार्म वाजतो आणि पलीकडच्या खोलीतली नर्स हातातलं टाकून पळत येते. निदान यावी अशी कल्पना आहे. या कंपनीत मी मशीन बनवत नाही, दुरुस्तही करत नाही. इंजिनिअर लोक इंग्रजीत जी माहिती लिहून देतात, तिची मी मराठी पुस्तिका करतो. घरच्या इस्त्रीची वायर जोडताना मी आमच्या अख्ख्या चाळीचा फ्यूज उडवला होता. त्या दिवसापासून बायको मला विजेच्या बटणापाशीसुद्धा एकटं सोडत नाही.

अशा माणसाला साहेबांनी बोलावून सांगितलं, “पाटणकर, नाशिकला जाऊन या.”

“मी? सर्व्हिसचे लोक...”

“सर्व्हिसवाल्याला कावीळ झालीय. आणि तुम्हाला काही दुरुस्त करायचं नाही. बघायचं, फॉर्म भरायचा, तिथल्या डॉक्टरची सही घ्यायची.”

प्रकरण असं होतं. नांदगावच्या पुढे एका गावात एका ट्रस्टचा वीस खाटांचा दवाखाना आहे. गावाचं नाव मी सांगणार नाही. तिथे आमचं एक मशीन होतं. एका रुग्णाचे ठोके धोक्याइतके मंदावले, आणि मशीन वाजलंच नाही. रुग्ण वाचला, पण तो नेमका ट्रस्टच्या अध्यक्षांचा मामा निघाला. अध्यक्षांनी कंपनीला लिहिलं: दोष मशीनचा की आमच्या माणसांचा, ते येऊन सांगा.

फॉर्मवर दोन चौकोन होते. एकापुढे ‘यंत्रातील दोष’, दुसऱ्यापुढे ‘हाताळणीतील दोष’.

“खूण दुसऱ्यात,” साहेब म्हणाले. “मशीन इथून तपासून गेलंय.”

“पण मी अजून पाहिलं नाही.”

“पाहून या ना. कोण नाही म्हणतंय? पण खूण दुसऱ्यात.”

घरी सांगितलं तेव्हा बायकोने थालीपिठं बांधून दिली आणि म्हणाली, “मशीनला हात लावू नका. उगाच बिचारं जे काय चालतंय तेही बंद पडेल.”

नाशिक

जाताजाता वाटेतली आमची आणखी दोन मशीनंही बघून यावीत, असा हुकूम होता. त्यातलं पहिलं नाशकात एका नर्सिंग होममध्ये होतं. तिथे जाण्याआधी मिसळ खाल्ली. पुण्यात जादा रस्सा मागावा लागतो, आणि मागितल्यावर वेटर आपल्याकडे असा बघतो की जणू आपण त्याच्या घरचा रस्सा मागितला. इथे रश्श्याचं भांडंच टेबलावर आणून ठेवलं. मी भिडेने दोन पळ्या घेतल्या. शेजारचा गृहस्थ म्हणाला, “घ्या की साहेब, लाजता काय? सासुरवाडीला आलात का?” मग घेतला. त्याचा हिशेब पोटाने दुसऱ्या दिवशी बसमध्ये मागितला.

नर्सिंग होममध्ये मशीन दिसेना. डॉक्टरांच्या पत्नींनी कौतुकाने दाखवलं: “हे काय, इथेच तर आहे.” मशीनला पांढऱ्या दोऱ्याचं क्रोशाचं झाकण होतं, कडेने गुलाबी गुलाब. पडद्यापुरती खिडकी ठेवली होती. वर पितळी फुलदाणी. रुग्ण जोडलेला, रेघ चालू, आणि मशीन असं तापलेलं की वर पोळी भाजली असती.

“बाई, वरच्या जाळ्या उघड्या ठेवायच्या असतात. हवेसाठी.”

“अहो, त्या जाळ्यांतून धूळ जाते म्हणूनच तर विणलं. चार महिने लागले.”

आमच्या घरी टीव्हीला अगदी असंच झाकण आहे, आणि ते काढायला मी आजवर कधी बायकोला सांगितलेलं नाही. फुलदाणी तेवढी खाली ठेवायला लावून मी निघालो.

दुसरं मशीन देवळाली कॅम्पात, एका छोट्या दवाखान्यात. तिथे लष्करातून निवृत्त झालेला एक अटेंडंट होता. मशीन नव्या नवरीसारखं चकचकीत, वायरींच्या गुंडाळ्या एका मापाच्या.

“रोज सकाळी पाच मिन्ट चालू करतो साब, मग बंद. मग कपडा मारतो.”

“आणि पेशंटला कधी लावता?”

तो माझ्याकडे बघतच राहिला. “पेशंटला? पेशंट हलतो साब. तार तुटते.”

वहीत मी लिहिलं: ‘मशीन उत्तम स्थितीत.’ ते खरंच होतं.

विंचूर आणि पुढे

दुसऱ्या दिवशी नांदगावकडच्या लाल गाडीत बसलो. विंचूरच्या बाजारापाशी कांद्याच्या ट्रॅक्टरांची अशी रांग लागली होती की आमची गाडी तासभर जागची हलली नाही. चैत्राचं ऊन आणि कांद्याचा वास. गाडीत रडत नव्हता असा फक्त कंडक्टर. माझ्या पिशवीत, छातीला वायर चिकटवताना खाली लावायची जी जेली असते, तिच्या चार ट्यूबा होत्या. दवाखान्यासाठी म्हणून साहेबांनी दिल्या होत्या. शेजारच्या मावशींनी आपली कांद्याची गोणी बसल्याबसल्या माझ्या पिशवीवर टेकवली, आणि चारही ट्यूबांनी एकदम प्राण सोडला.

माझी विजार, थालीपिठं, फॉर्म, सगळ्यांवर थंडगार बुळबुळीत जेली. मावशींनी बोटावर घेऊन वास घेतला.

“हे काय हाय वं? केसाला लावत्यात का?”

“नाही मावशी. छातीला.”

“अगं बाई!” म्हणून त्यांनी पदर सावरला आणि तोंड खिडकीकडे केलं. मनमाडपर्यंत त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

ते गाव, पहिला दिवस

पोचलो तेव्हा दुपार टळली होती. दवाखाना बैठा, पत्र्याचा, पुढे कडुनिंब. व्हरांड्यातल्या बाकावर एक म्हातारा पाय वर घेऊन बसला होता. मला बघताच म्हणाला, “टीव्हीवाला का?” गावात आमच्या मशीनला टीव्ही म्हणतात. खरे टीव्ही अजून दोनच होते, आणि त्यांच्यापेक्षा आमच्याकडे गर्दी जास्त.

सिस्टर साळवे दारातच भेटल्या. पंचेचाळिशीच्या, पांढरं पातळ, छातीला उलटं अडकवलेलं घड्याळ. माहेर नाशकातल्या एका वसाहतीत, मिस्टर मनमाडला रेल्वेत, मुलगी दहावीला. हे सगळं त्यांनी पुढे सांगितलं. पहिलं वाक्य मात्र हे:

“या. मीच ती, मशीन बंद ठेवणारी.”

मी म्हणालो, “तसं काही अजून ठरलेलं नाही.”

“तुमचं ठरलं नसेल. अण्णांचं ठरलंय.” अण्णा म्हणजे ट्रस्टचे अध्यक्ष. “बदलीचा कागद तयार आहे. ट्रस्टचा दुसरा दवाखाना पेठच्याही पलीकडे, डोंगरात. तुमच्या फॉर्मवर खूण झाली की कागदावर सही. मिस्टर मनमाडला, पोरगी इथे, मी तिकडे. बसा, पाणी घ्या.”

हे त्यांनी खाटांचे नंबर सांगावेत तसं सांगितलं. मी पाणी प्यालो. खिशात तो फॉर्म होता, जेलीने चिकट झालेला.

वॉर्डात मशीनच्या बाजूला खिळ्याला दोरीने एक पुस्तिका लटकवली होती, घराघरात पंचांग लटकवतात तशी. माझी! कबूल करतो, मला भरून आलं. वीस वर्षांत मी अशा कितीतरी पुस्तिका लिहिल्या असतील, पण वाचलेली एकही पाहिली नव्हती. ही वाचलेली होती. पानांचे कोपरे मळलेले, समासात लाल शाईने बारीक अक्षरात काही ना काही लिहिलेलं.

“ही मी लिहिली आहे,” मी म्हणालो. उगाच.

सिस्टरनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. “तुम्ही? बरं झालं. बसा. पान सहा. ‘रुग्णास स्थिर ठेवावे.’ कसं?”

“म्हणजे... हालू देऊ नये.”

“तो शेतकरी आहे. आजारी पडला तरी पहाटे उठून बैलाला वैरण टाकायला निघतो. त्याला स्थिर कसं ठेवू? पान नऊ. ‘केवळ कंपनीने पुरविलेली जेली वापरावी.’ ती दिवाळीआधी संपली. पत्रं लिहिली. उत्तर नाही.”

“मी चार ट्यूबा आणल्या होत्या,” मी म्हणालो आणि विजारीकडे बोट दाखवलं.

त्या हसल्या नाहीत. “म्हणून मग मिठाचं पाणी. कापूस भिजवायचा, वायरीखाली ठेवायचा, वर चिकटपट्टी. रेघ छान येते. पण या उन्हात दीड तासात पाणी वाळतं. पाणी वाळलं की रेघ सपाट. रेघ सपाट झाली की अलार्म.”

“मग?”

“मग आबांना विचारा.”

आबा म्हणजे बाकावरचा तो म्हातारा. मालेगावकडचा माणूस, बोली अहिराणी. दर आठवड्याला रक्तदाब दाखवायला येतो आणि नव्या माणसाला आपली गोष्ट सांगितल्याशिवाय जात नाही. मागच्या हिवाळ्यात तो याच मशीनला जोडलेला होता. सकाळी चहा आला. आबा उठून बसला, पाणी वाळलेलं, वायर गळून पडली, आणि मशीन बोंबलायला लागलं. पडद्यावर रेघ आडवी. पायाशी बसलेल्या मुलाने ती रेघ पाहिली, आणि हातात कपबशी घेतलेला बाप काही पाहिला नाही.

“पोऱ्या रडाले लागना,” आबा सांगत होता. “मी सांगस, अरे, मी जित्ता शे ना! तो आयकस का? टीव्हीमा बाप मरी गया, मंग खाटवरना बापले कोन इचारस?”

मुलगा तसाच पोस्टात धावला आणि गावी फोन केला. सिस्टर ऑपरेशनच्या खोलीत होत्या. त्या बाहेर येऊन वायर लावेपर्यंत निरोप गावात फिरला होता. दुपारी ट्रॅक्टर आला. त्यात बांबू, गोवऱ्या, मडकं आणि पस्तीसेक माणसं. आबा याच बाकावर बिडी ओढत बसला होता.

“मग काय झालं?” मी विचारलं.

“काय व्हनार? पुतन्यानी डोकं भादरी टाकेल व्हतं. तो आजपर्यंत मन्हासंगे बोलस नही.”

आबा हसून खोकला. सिस्टर तेव्हाही हसल्या नाहीत, पण खोकला ऐकून त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

त्या दिवसापासून वॉर्डाचं वागणं पालटलं. मशीन दिवसातून सात-आठ वेळा वाजायचं, आणि दर वेळी कुठल्या ना कुठल्या खाटेभोवती रडारड. शेजारच्या रुग्णाचे ठोके त्यानेच वाढायचे. दवाखान्याचे तरुण डॉक्टर म्हणाले, सिस्टर, आवाज कमी करा. पुस्तिकेत ‘आवाज’ असं एक बटण दाखवलेलं होतं. सिस्टरनी ते फिरवून शून्यावर नेलं, आणि आपल्या नियमाप्रमाणे रजिस्टरात नोंद केली. रजिस्टर त्यांनी माझ्यापुढे उघडलं. तारीख, वेळ, ‘आवाज बंद केला. कारण, खाट नं. ३ चे नातेवाईक घाबरतात.’ पुढे रोज, दर पंधरा मिनिटांनी, हाताने मोजलेली नाडी.

“मशीन बघतं, मी धरते,” त्या म्हणाल्या. “धरल्याशिवाय मला चैन पडत नाही.”

“मग अण्णांच्या मामांच्या वेळी?”

त्यांनी पुस्तिकेचं बारावं पान काढलं. तिथे लाल शाईने रेघ मारलेली होती, ठळक, दोनदा. माझंच वाक्य: ‘धोक्याच्या प्रसंगी यंत्र स्वतःहून अलार्म वाजविते.’

“पलीकडे एक बाळंतीण अडली होती. डॉक्टर नांदगावला गेलेले. मी एकटी. मी म्हटलं, टिकटिक आणि वायर सुटल्याची ती बोंब बंद आहे, पण खरा धोका असला तर मशीन स्वतःहून वाजेलच. तुमच्या भरवशावर गेले. वीस मिनिटं. येऊन मनगट धरलं तर थंड. ठोके तीसच्या खाली. इंजेक्शन दिलं, जीपमध्ये घालून नाशिकला पाठवलं. वाचले.” त्यांनी पुस्तिका परत खिळ्याला लावली. “बाळंतीणही सुखरूप. पण तिच्याबद्दल कोणी विचारत नाही.”

दुसरा दिवस

अशा वेळी प्रवासवर्णनात लेखकाला झोप लागत नाही. मला लागली. ट्रस्टच्या खोलीत पंखा होता आणि कांदा-भाकरी-पिठलं पोटात होतं. सकाळी पोह्यांबरोबर मात्र ते बारावं पान आठवलं, आणि पोहे अर्धे टाकून मी वॉर्डात गेलो.

डॉक्टर आले. तिशीचा मुलगा, नाशिकचाच. म्हणाले, “अण्णा अकराला येतील. त्याआधी एकदा करूनच बघू. कोणाला तरी जोडू या.”

वॉर्डातले रुग्ण आबांचा इतिहास जाणून होते. कोणी तयार होईना. शेवटी सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. मी शर्ट काढला. बनियन कुठे फाटला आहे हे घरी ठाऊक असतं, दवाखान्यात समजतं. मिठाच्या पाण्याचे तीन गार बोळे छातीवर बसले, चिकटपट्ट्या लागल्या, आणि माझं हृदय साऱ्या वॉर्डासमोर पडद्यावर आलं.

“एकशे बारा,” डॉक्टर म्हणाले. “पाटणकर, तुम्ही ठीक आहात ना?”

“घाबरल्यात ते,” शेजारच्या खाटेवरून बाई म्हणाली. “शहरातले हाय ना.”

सिस्टरनी आवाजाचं बटण शून्यावर नेलं. टिकटिक थांबली. मग त्यांनी माझ्या छातीवरची एक वायर सरळ ओढून काढली. रेघ आडवी झाली. मी मेलो. मशीन गप्प. मागच्या बाजूला तुरीच्या दाण्याएवढा एक लाल दिवा मात्र उघडझाप करत होता, भिंतीकडे तोंड करून.

“आता आवाज वाढवा,” मी झोपूनच म्हणालो.

बटण फिरलं आणि अलार्मने पत्रे हलले. बाहेरून, व्हरांड्यातच रात्रीचा मुक्काम ठोकलेल्या आबांचा आवाज आला, “आते कोन मरना?”

डॉक्टर खाली वाकून बटण बघत होते. “म्हणजे टिकटिक, वायरीची बोंब आणि धोक्याचा अलार्म, सगळं एकाच बटणावर? हा कसला प्रकार आहे? आणि हे लिहिलंय कुठे?”

“कुठेच नाही,” सिस्टर म्हणाल्या. “मी सगळं वाचलंय.”

मला मात्र तसं काहीसं कुठेतरी वाचल्यासारखं वाटत होतं. शर्ट न घालताच मी पिशवीपाशी गेलो. मूळ इंग्रजी प्रत बरोबर आणली होती, अडीअडचणीला असावी म्हणून. बुळबुळीत पानं सुटी केली. शेवटच्या आधीच्या पानावर, बारीक टायपात, तळटीप: आवाज पूर्ण बंद केल्यास अलार्मही ऐकू येणार नाही.

आणि मग सगळं आठवलं. छापखान्याने सांगितलं होतं, मजकूर सोळा पानांत बसत नाही, चार ओळी कापा. मी कापल्या. कोणत्या कापायच्या हा विचारही मीच केला होता. तळटीप म्हणजे काही महत्त्वाचं नसणार, असा माझा त्या वेळचा सिद्धान्त. तिच्याऐवजी पहिल्या पानावरचा माझा स्वतःचा परिच्छेद मी राखला होता: ‘अभिनंदन! विज्ञानाच्या या नव्या पहाटे आपण ज्या यंत्राचे स्वामी झाला आहात...’

“सिस्टर, पहिलं पान वाचलंत का तुम्ही?” मी विचारलं.

“नाही. त्यात काही नव्हतं.”

त्या खोलीत इंग्रजी प्रत पाहिलेला मी एकटा होतो. डॉक्टर म्हणत होते, “यंत्रातील दोष, दुसरं काय. लिहून टाका.” तसं लिहिलं असतं तर सिस्टर सुटल्या असत्या, पण फार तर आठ दिवस. साहेबांनी मूळ प्रत काढून त्या तळटिपेवर बोट ठेवलं असतं आणि पत्र पाठवलं असतं: माहिती दिलेली होती, तुमच्या माणसाने पाळली नाही. ती माहिती कोणाला दिलेली होती आणि कोणाला नाही, हे अण्णांनी कशाला शोधलं असतं? दुसऱ्या चौकोनात खूण केली असती तर सगळं तिथेच मिटलं असतं. मी संध्याकाळच्या गाडीने घरी.

मी दोन्ही चौकोन रिकामे ठेवले. खालच्या कोऱ्या जागेत लिहिलं: ‘हाताळणी पुस्तिकेप्रमाणे अचूक होती. आवाजासंबंधीची धोक्याची सूचना मूळ इंग्रजीत आहे, मराठी पुस्तिकेतून ती गाळली गेली.’ लिहून झाल्यावर ‘गाळली गेली’ हे शब्द डोळ्यांना खटकले, जणू ती सूचना आपल्या पायांनी निघून गेली होती. ते खोडून ‘मी गाळली’ असं केलं, सही ठोकली आणि खाली डॉक्टरांचीही घेतली. शर्ट अजून घातला नव्हता हे सहीनंतर लक्षात आलं.

अकराला अण्णा आले. धोतर, टोपी, मोठा देह, आवाज त्याहून मोठा. कांद्याच्या व्यवहारात आयुष्य गेलेलं, त्यामुळे माणसाकडे बघताना आधी सड शोधण्याची सवय. त्यांनी फॉर्म हातात घेतला, चिकट लागला म्हणून माझ्याकडे रोखून पाहिलं आणि मोठ्याने वाचला.

“म्हणजे बाईंनी पुस्तकाप्रमानंच केलं?”

“हो.”

“अन् पुस्तकच चुकीचं?”

“हो.”

“मशीनमधी काय खोट नाय?”

“बटण वाईट ठिकाणी आहे. पण ते निदान सांगता आलं असतं. सांगितलं नाही.”

“पुस्तक लिवलं कोनी?”

“मी.”

अण्णांनी चिकट बोटं धोतराला पुसली. मग डॉक्टरांना म्हणाले, “अहो, मग बदली ह्यांचीच करा की पेठला! कागद तयारच हाय, नाव तेवढं बदला.”

वॉर्ड हसला. मीही हसलो, तेवढंच हातात होतं. अण्णांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक दुमडलेला कागद अर्धा बाहेर काढला, पाहिला आणि पुन्हा आत सारला. “बरं, झालं गेलं. बाई, तुमी तुमचं काम करा. मनात ठेवू नका.” ते निघाले.

“अण्णा,” सिस्टर म्हणाल्या, “तो कागद द्या.”

“कशाला? म्हनलं ना, ऱ्हाऊ द्या.”

“तुमच्या खिशात राहिला तर राहील. मला रजिस्टरला लावायचाय.”

“माझ्यावर इस्वास नाय का?”

“आहे. पण मी लिहून ठेवते, तुम्हाला माहीत आहे. आणि नुसत्या भरवशावर एकदा भागलं नाही.” हे शेवटचं बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

अण्णा दारात उभे. डॉक्टर खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं बघू लागले. शेवटी अण्णांनी खिशात हात घातला. सिस्टरनी कागद उलगडून मशीनच्या टेबलावर सपाट केला, पेन पुढे केलं आणि एका कोपऱ्यावर बोट ठेवलं.

“इथे ‘रद्द’ लिहा. खाली सही. आणि वेळ.”

“येळ कशाला?”

“मी सगळ्याला लिहिते.”

त्या मोठ्या देहाने वाकून, शाळेतल्या मुलासारखी जीभ दाताखाली धरून, ‘रद्द’ लिहिलं. सही केली. सिस्टरनी छातीवरचं घड्याळ उचलून पाहिलं आणि सांगितलं, “अकरा वीस.” अण्णांनी अकरा वीस लिहिलं. कागद रजिस्टराला टाचला गेला. सिस्टरनी एकदाच, अगदी थोडा, श्वास सोडला. मग पदर खोचला, आणि तीन नंबरच्या खाटेवरच्या माणसाचं मनगट हातात घेऊन घड्याळाकडे बघत त्या ठोके मोजू लागल्या.